टॉवेलचं डिझाईन टॅबवर होतं का? माझा अनुभव

डेस्कटॉपचे दिवस भरले, आता सगळं टॅबवर नाहीतर मोबाईलवरच होणार, हे मी कित्येक वर्षं ऐकतोय. ऐकायचो आणि परत कामाला लागायचो, कारण माझं काम डेस्कटॉपवर व्यवस्थित चालू होतं. मी सोलापुरात जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) डिझाईन्स करतो, टॉवेल, नॅपकीन, चादर, कधी वॉल हँगिंग. नोकरी कुठे नाही, पूर्व भागातले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार काम देतात, घरी बसून डिझाईन करायचं, फाईल पेनड्राईव्हवर टाकून मागापर्यंत नेऊन द्यायची, कापड बरोबर निघालं की बिल.

२०२५ च्या सुरुवातीला मात्र हा विषय टाळण्यासारखा राहिला नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालं होतं आणि माझ्या डब्यात (सीपीयूला आम्ही डबाच म्हणतो) इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं. म्हणजे डबा ठणठणीत, कुठे अडकत नाही, तरी बदलायचाच. मग बदलून घ्यायचं काय?

भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याचं म्हणणं सरळ होतं, "मामा, डबा कोण घेतंय आता? पेनवाला टॅब घ्या की, कुठंपण बसून काम करा." आणि ज्यांचं काम माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे ते एका कारखान्यातले अण्णा म्हणाले, "मास्तर, तुम्ही कायपण घ्या, आपला माग थांबला नाही पाहिजे बघा." मला दोघांचंही पटलं. म्हणून ठरवलं की नवीन मशीन घ्यायच्या आधी सगळं करून बघायचं, ऑक्टोबरपर्यंत वेळ होता, जुना डबा चालू होताच. पेनवाला अकरा इंची टॅब घेतला आणि जमेल तेवढं काम त्याच्यावर न्यायला लागलो. काय गेलं, काय राहिलं आणि का राहिलं ते लिहितो, आमच्या लाईनमधली नवी पोरं हल्ली हेच विचारत असतात.

आधी जॅकार्डचं डिझाईन म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी ज्या मास्तरांकडे शिकलो ते ग्राफ पेपरवर रंग भरायचे. एक चौकोन म्हणजे एक धागा, वर की खाली. तो ग्राफ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची, भोक असलं की हुक धागा उचलतो, नसलं की नाही उचलत. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे बसवलं आणि सोलापुरात काही मागांवर ही माळ अजून फिरताना दिसते. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय, कार्डं गेली, कंट्रोलरमध्ये फाईल जाते, पण आतला हिशोब तोच आहे.

सोपा हिशोब धरा. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल, इंचाला पाईलचे (ज्यांचे लूप होतात ते उभे) ३० धागे, आणि इंचाला ४८ पिक, म्हणजे आडवे धागे. टेरीत, म्हणजे लूपवाल्या कापडात, तीन पिकांना लूपची एक ओळ पडते, म्हणजे इंचाला १६ ओळी. एक लूप म्हणजे एक टिंब धरलं तर आडवी ९०० टिंबं, उभी ९६०, अख्खा टॉवेल साडेआठ लाख टिंबांच्या थोडा वर. मोबाईलचा साधा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एका फोटोत १ कोटी २० लाख टिंबं काढतो. म्हणजे टॉवेलचं डिझाईन मोबाईलच्या एका फोटोच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा नाही! त्यामुळे टॅबला झेपेल का, रॅम किती, प्रोसेसर कोणता, हे प्रश्न आमच्या कामात निघतच नाहीत. तसेही ते जगातसुद्धा मागे पडत चाललेत, ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकमध्ये एम१ चिप घातली आणि २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये आणि टेबलावरच्या आयमॅकमध्येही आली. हातातलं मशीन आणि टेबलावरचं मशीन, आतून एकच.

आमच्याकडे अडतं ते दुसरीकडे. फोटोत चार टिंबं इकडची तिकडं झाली तर कुणाला कळत नाही, टॉवेलमध्ये एक टिंब चुकलं तर ते त्याच जागी प्रत्येक नगावर उमटतं आणि माल परत येतो.

असो. सुरुवात चित्रापासून केली, आणि चित्र काढायचं काम टॅबवर गेलं ते कायमचं गेलं. कोयरीचं वळण, मोराची मान, वेलबुट्टी, हे माऊसनं काढणं म्हणजे हाताला शिक्षाच, म्हणून आधी कागदावर काढायचं, स्कॅन करायचं आणि मग स्क्रीनवर त्याच्यावरून गिरवत बसायचं असा तिहेरी उद्योग होता. पेननं सरळ टॅबवर काढता येतं, दाब कमीजास्त केला की रेघ जाडबारीक होते, आवडलं नाही की पुसलं. नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी टाकी भरेपर्यंत जागेवरून हलता येत नाही, तेव्हाही गच्चीच्या जिन्यात बसून मी बॉर्डरी काढल्यात. लाईट गेली तरी काम चालू. हे सुख डब्यात नव्हतं, यूपीएस ओरडायला लागला की सेव्ह करा आणि बंद करा.

पण खरा फायदा कारखान्यात कळला. अण्णांकडे हैदराबादचा एक व्यापारी आला होता, हॉटेलच्या ऑर्डरसाठी, त्याला टॉवेलच्या बॉर्डरमध्ये मोर हवा होता आणि मध्ये हॉटेलचं चिन्ह. पूर्वीची पद्धत अशी की मी घरून प्रिंट काढून न्यायचो, व्यापारी म्हणायचा मोर जरा मोठा करा, मी परत घरी, परत प्रिंट, तोवर व्यापारी गाडीत बसून गावाला गेलेला, मग फोनवर "ते तसं नको, असं" सुरू. यावेळी मी टॅब त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तो म्हणाला मोराचं तोंड आत करा, केलं. पिसारा बॉर्डरच्या पट्टीला टेकतोय, तो सोडवा, सोडवला. मरूनच्या जागी बॉटल ग्रीन दाखवा, दाखवला, मग परत मरूनवरच आला. चहा संपायच्या आत त्यानं त्याच स्क्रीनवर पेननं सही केली. अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "हे बेस झालं मास्तर." सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे हे खरं, पण डिझाईनची नक्कल बाहेरून यायची राहत नाही, त्यामुळे कारखानदाराला सतत नवीन आणि लवकर हवं असतं, आणि लवकर म्हणजे किती लवकर हे त्या दिवशी टॅबनं दाखवलं. या एका गोष्टीसाठी टॅबचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

आता पुढचं. चित्र मंजूर झालं म्हणजे डिझाईन झालं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं.

पहिली अडचण रंगांची. मागाला फोटोसारखे लाखो रंग कळत नाहीत, डिझाईनमध्ये जेवढी विणकामं तेवढेच रंग असायला पाहिजेत, चार म्हणजे चार. चित्रकलेची ॲप्स मात्र रेघेची कड गुळगुळीत दिसावी म्हणून मरून आणि पांढऱ्याच्या मध्ये आपणहून गुलाबी छटा भरतात. डोळ्याला छान दिसतं, मागाला त्याचा काही अर्थ लागत नाही. हे सेटिंग बंद करता येतं, पिक्सेल आर्टची ॲप्स वापरली तर हा त्रास जवळजवळ नाहीच. दुसरं, फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि चार रंगांचे शेकडो होतात, म्हणून कायम डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, मी हे कारखान्यातल्या पोरांनापण शिकवून ठेवलंय.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. वरचा हिशोब परत बघा, आडवे इंचाला ३० आणि उभे १६. म्हणजे टॉवेलवर चार इंचाचा गोल गोल दिसायचा असेल तर ग्राफवर तो आडवा १२० आणि उभा ६४ टिंबांचा काढावा लागतो. स्क्रीनचं टिंब चौकोनी, त्यामुळे तोच गोल स्क्रीनवर आडवा चपटा दिसणार. आमच्या टेक्सटाईल सॉफ्टवेअरला रीड (उभ्या धाग्यांची दाटी) आणि पिक सांगितलं की ते टिंब त्या मापात ताणून दाखवतं, म्हणजे काम ग्राफवर चालतं पण डोळ्याला टॉवेल दिसतो. टॅबवरच्या चित्रकलेच्या ॲप्समध्ये मला असं काही मिळालं नाही, मिळणार तरी कसं, ती चित्रकारांसाठी केलेली आहेत. त्यामुळे टॅबवर सरळ चित्र काढायचं आणि नंतर ते ९०० बाय ९६० मध्ये बसवायचं असा रस्ता काढला. बसवलं की वळणांना पायऱ्या पडतात. मोराच्या मानेची सुंदर रेघ तीन टिंबं सरळ, एक वर, पाच सरळ, दोन वर अशी वेडीवाकडी होते, आणि ती एकेक टिंब हलवून साफ करावी लागते. तीन-तीन-दोन-दोन-एक असा उतार जमला की टॉवेलवर ती मान परत वळते. ही साफसफाई म्हणजेच आमचा धंदा, कारखानदार पैसे देतो ते खरं तर याचे.

हे काम टॅबवर भरपूर करून बघितलं. होतं, पण होतं म्हणजे काय ते सांगतो. माझा मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८०. त्याच्यावर एकाला एक टिंब धरलं तर ९०० बाय ९६० चा अख्खा टॉवेल एका नजरेत मावतो, पंचवीस सेंटिमीटर रुंद, आणि प्रत्येक लूप डोळ्याला दिसतो. टॅबच्या स्क्रीनवर टिंबं मॉनिटरपेक्षा जास्तच आहेत, पण ती इतकी बारीक की तोच टॉवेल तिथे आठ-सव्वाआठ सेंटिमीटरात येतो. म्हणजे अख्खा बघायचा तर टिंब दिसत नाही, टिंब बघायचं तर दोन बोटांनी मोठं करायचं आणि मग अख्खा दिसत नाही. डाव्या कोपऱ्यातला मोर आणि उजव्या कोपऱ्यातला मोर एका ओळीत आहेत का हे बघायला सारखं लहान-मोठं करत बसायचं. वर मान खाली. अर्धा तास ठीक, दुपारपर्यंत मानेत कळ यायची ती खांद्यापर्यंत उतरायची.

मग टॅबच मॉनिटरला जोडला. सॅमसंगनं हा डेक्स नावाचा प्रकार २०१७ मध्ये आणला होता, आता बऱ्याच टॅबना अशी काहीतरी सोय असते, एक टाईप-सी वायर लावली की मॉनिटरवर खिडक्या, खाली पट्टी, कीबोर्ड-माऊस चालू. खरं सांगतो, मला हे फार आवडलं. मान सरळ, ॲरो कीनं एकेक टिंब सरकवता येतं, मॉनिटरवर टॉवेल आणि हातात पेन. तासभर काम केल्यावर ध्यानात आलं की मला डेस्कटॉप म्हणून जे हवं होतं ते हेच, टेबल, मोठा स्क्रीन, कीबोर्ड, बसायला नीट खुर्ची. डबा त्यात कुठेच नव्हता. उद्या माझं सॉफ्टवेअर टॅबवर आलं तर मी डबा त्याच दिवशी भंगारात घालीन, टेबल मात्र घालणार नाही.

पण सॉफ्टवेअर टॅबवर नाही, आणि गाडी इथे येऊन थांबते. साफ केलेल्या चित्रातल्या प्रत्येक रंगाला विणकाम लावायचं असतं, पाईल कुठे वर, कुठे खाली, बॉर्डरच्या पट्टीत लूप नाही, चादर असेल तर मागच्या बाजूला धागा लांब मोकळा राहत नाही ना ते तपासायचं, कारण तो मोकळा धागा नखात, बांगडीत अडकून ओढला जातो. हे सगळं झालं की जॅकार्डच्या कंट्रोलरला कळेल अशा फॉरमॅटमध्ये फाईल काढायची. हे काम करणारं माझं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि तेही यूएसबीला डोंगल (लायसनची छोटी किल्ली) लावलं तरच. कंपनीला फोन करून विचारलं की अँड्रॉईडवर कधी येणार, समोरचा माणूस प्रामाणिक होता, म्हणाला तसं कुणी मागतच नाही, देशात गिऱ्हाईक मोजकं, त्यातलं निम्मं अजून जुन्या व्हर्जनवर. मला राग आला नाही. जिथे लाखो लोक वापरतात तिथे ॲप लगेच निघतं, फिग्मासारखी डिझाईनची सॉफ्टवेअर्स तर सरळ ब्राऊझरमध्ये चालतात, पण जॅकार्ड डिझायनर असे आहेत तरी किती.

मग आणखी एक रस्ता बघितला, क्रोम रिमोट डेस्कटॉप. फुकट आहे, घरचा डबा चालू ठेवायचा आणि टॅबवरून त्याच्यात शिरायचं. घरच्या वायफायवर उत्तम चाललं. कारखान्यातून चालवायला गेलो तर शेडच्या पत्र्याखाली नेटवर्क येत-जात होतं, माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा, एकेक टिंबाच्या कामाला हे चालत नाही. ऑफिसच्या खिडकीजवळ बरं होतं. एकदा तर मागाशेजारी उभं राहून फाईलमध्ये एक दुरुस्ती केली, जॉबरनं (माग सांभाळणाऱ्यानं) कंट्रोलरमध्ये घालून लगेच चालवून दाखवली, तो आनंद वेगळाच. पण एकदा घरची लाईट गेली आणि सगळं जागेवर बंद. आणि मुळात यात डेस्कटॉप गेला कुठे? तो घरी बसून काम करतोच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.

उन्हाळ्याचंही सांगायला पाहिजे, कारण सोलापूरचा एप्रिल ही काही गंमत नाही, पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि शेडमध्ये त्याहून वर. ॲपलनं आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश हवामान सांगितलंय. माझा टॅब दुसऱ्या कंपनीचा आहे पण शरीर तेच, पंखा नाही, बंद डबी. दुपारी शेडमध्ये त्यानं आपणहून स्क्रीन अंधुक केला, मग चार्जिंग थांबवलं. बिघडला नाही, स्वतःला सांभाळलं त्यानं, पण मरून आणि चॉकलेटी यातला फरक मला दिसेना आणि रंगाचं काम तिथेच थांबलं. आता उलट बाजू बघा. शेडमध्ये हवेत कापसाचं तूस तरंगत असतं, लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो, थोड्या महिन्यांत जाळीवर नमद्यासारखा थर बसतो आणि मशीन तापायला लागतं. कारखान्यातल्या ऑफिसचे डबे ब्लोअरनं उघडून साफ करता येतात, लॅपटॉप उघडायला माणूस शोधावा लागतो. टॅबला पंखाच नाही त्यामुळे तूस आत जायचा प्रश्न नाही. म्हणजे कारखान्यात सकाळी टॅब, उन्हाळ्याच्या दुपारी काहीच नको, हे माझं अनुभवाचं मत.

सप्टेंबरच्या आसपास मग विंडोजचं मशीन लागणारच हे पक्कं झालं आणि खरेदीला निघालो. इथे एक गोष्ट सगळ्या डोंगलवाल्यांना कळकळीनं सांगतो, डोंगल खिशात घेऊन दुकानात जा. दुकानदारानं मला पहिल्यांदा एआरएम चिपवाला (इंटेलपेक्षा वेगळ्या घडणीचा) लॅपटॉप दाखवला, पातळ, हलका, बॅटरी दिवसभर, बघून मोह होतोच. त्याच्यावर जुनी विंडोजची सॉफ्टवेअर्स चालतात का विचारलं तर हो म्हणाला, आणि ते खोटं नाही, साधे प्रोग्राम विंडोज भाषांतर करून चालवतं. पण ड्रायव्हरला, म्हणजे डोंगलसारखी वस्तू विंडोजला ओळखवून देणाऱ्या प्रोग्रामला, ही सोय नाही, ड्रायव्हर त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. मी डोंगल लावलं, दिवा पेटला, आणि विंडोजनं ते ओळखलं नाही. दुकानदारानं दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं, तेच. इंटेलच्या लॅपटॉपला लावलं, तिथल्या तिथे ड्रायव्हर टाकला, चाललं. दहा मिनिटांची तपासणी, पण ती न करता मशीन घरी आणलं असतं तर बिलात लिहिलेलं असतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

इंटेलचा लॅपटॉप घेतला. छोटा मिनी पीसीही बघितला होता, स्वस्त पडत होता, पण लाईट गेल्यावर बॅटरी असावी म्हणून लॅपटॉप. आणि आता गंमत बघा कशी आहे, लॅपटॉप घेऊन हिंडता येतं, डोंगल घेऊन हिंडायची माझी हिंमत होत नाही. डोंगल हरवलं तर कंपनी बदली देत नाही, लायसन परत विकत घ्यायचं, आणि त्याची किंमत लॅपटॉपच्या वर आहे. अंगठ्याएवढी वस्तू, रिक्षात पडली तर संपलं. म्हणून डोंगल घरात टेबलाच्या हबला लावलेलं असतं आणि लॅपटॉप झाकण मिटून मॉनिटरला. मशीन पोर्टेबल आहे, काम पोर्टेबल नाही.

जगात याची चर्चा बरीच जुनी आहे. २००८ मध्येच लॅपटॉपची विक्री डेस्कटॉपच्या पुढे गेली, २०१० मध्ये आयपॅड आला आणि त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते की पीसी ट्रकसारखे होतील, राहतील पण थोड्यांनाच लागतील. मला हे बोलणं आवडतं, कारण सोलापुरातून टॉवेलच्या गाठी ट्रकमधूनच निघतात. ट्रक थोड्या लोकांकडे असतो, पण त्याच्यावाचून बाकीच्यांचंही अडतं.

आजूबाजूच्या लोकांचंही बघितलं. बातम्या करणारा एक मित्र शूटिंग, एडिटिंग, पाठवणं सगळं मोबाईलवर करतो, त्याच्या घरात डबाच नाही. नवी पेठेत डीटीपी करणाऱ्याकडे जुन्या मराठी फॉन्टमधल्या पत्रिकांचा ढीग आहे, ते फॉन्ट, ती फाईल, तो प्रिंटर सगळं एका डब्यात बसलेलं, तो हलणार नाही. सीए लोक लॅपटॉपवर गेले पण ऑफिसात सगळ्यांपुढे दुसरा स्क्रीन आहे, एकीकडे टॅली, एकीकडे जीएसटीचं पोर्टल. माझ्या मते ज्याचं काम लोकांच्या नजरेपुढे संपतं, बातमी, फोटो, व्हिडिओ, त्याचं टेबल लवकर सुटतं. ज्याचं काम दुसऱ्या मशीनमध्ये जाऊन संपतं, माग, प्लॉटर, छपाई, त्याला ते मशीन जे मागेल तेच द्यावं लागतं, आणि माग वीस-वीस वर्षं बदलत नाही. अण्णांनी घातलेलं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड कर्जाचं आहे, ते फिटेपर्यंत कंट्रोलर बदलायचं नाव निघणार नाही, आणि कंट्रोलर आहे तोवर माझी फाईल त्याच फॉरमॅटमध्ये, त्याच पेनड्राईव्हवर.

सध्या माझं काम असं चालतं. चित्र, रंग, व्यापाऱ्याची मंजुरी टॅबवर, बहुतेक कारखान्यात बसूनच. साफसफाई कधी टॅब मॉनिटरला लावून, कधी लॅपटॉपवर, घाई कितीय त्याच्यावर आहे. विणकाम आणि फाईल लॅपटॉपवर, टेबलाशी, डोंगलजवळ. सगळ्या डिझाईनच्या दोन कॉप्या, एक ड्राईव्हवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. नव्यानं शिकणाऱ्या पोराला मी सांगतो, आधी टॅब घे आणि हात बसव, तोवर सॉफ्टवेअर कारखान्यातल्या मशीनवर शिक, लॅपटॉप पहिल्या ऑर्डरचे पैसे आल्यावर. आणि मॉनिटर मोठा घे, त्यात काटकसर करू नको, मान आणि डोळे एकदाच मिळतात.

जुना डबा अजून काढलेला नाही. साखर पेठेत एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या कार्डांवरचे थोडे माग चालू आहेत, त्यांची कार्डं पंच करणारं मशीन ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं ते नव्या लॅपटॉपवर उठत नाही, पंचिंग मशीनची वायरपण जुन्या पोर्टची. म्हणून डब्याचं नेट काढून टाकलं, पेनड्राईव्ह आधी लॅपटॉपवर स्कॅन करूनच त्याला लावतो, आणि कार्डांचं काम आलं की तेवढ्यापुरता चालू करतो. मालक म्हणतात दिवाळीनंतर ते माग काढून रेपिअर (नव्या पद्धतीचे माग) घालायचेत, बँकेत फाईल टाकलीय. कर्ज मंजूर झालं की मला फोन येईल, तोवर डबा राहू दे.